नाहीतर एकुलती एक

मृण्मयी नेमकं काय काम करते, हे शैलाताईंना आजवर कुणाला धड सांगता आलेलं नाही. आपल्याच मुलीबद्दल कुणी विचारलं की त्या म्हणतात, "कंप्यूटरवर काही तरी करते, फ्रीगंजला." उज्जैनमधल्या नानाखेड्याच्या त्या कॉलनीत तेवढं उत्तर पुरतं. शेजारणींचा खरा प्रश्न वेगळाच असतो आणि तो त्या विचारत नाहीत, नुसत्या बघतात. चौतीस वर्षांची मुलगी आईबापांकडे का, हा तो प्रश्न.

मृण्मयीचं लग्न झालं होतं. पुण्याला दिली होती. अडीच वर्षं निभलं आणि मोडलं. मारहाण नव्हती, देण्याघेण्याचं काही नव्हतं, सांगण्यासारखी गोष्टच नव्हती, आणि सगळा घोटाळा तिथेच झाला. लोकांना कारण लागतं. आपण दिलं नाही तर ते घरचं घालतात. सहा वर्षांपूर्वी ती दोन सूटकेस घेऊन उज्जैनच्या स्टेशनावर उतरली, तेव्हा घ्यायला आलेल्या जयंतरावांनी फक्त "जेवलीस का?" एवढं विचारलं. बँकेत चौतीस वर्षं काढलेला माणूस, मोजकं बोलायची सवय. त्यानंतर त्या विषयावर बापलेकीत शब्द झालेला नाही.

तिचं ऑफिस टॉवर चौकाजवळ, एका साड्यांच्या दुकानाच्या वर, तिसऱ्या मजल्यावर. तिथे दुसऱ्यांच्या वेबसाइटची पानं बनवतात. आपल्याला वाटतं, हजार माणसांची हजार पानं म्हणजे कुणी तरी हजार वेळा बसून लिहिली असतील. तसं नसतं. पान एकच असतं, करंजीच्या साच्यासारखं. त्याला टेम्प्लेट म्हणतात. सारण प्रत्येकाचं वेगळं. मात्र या साच्यात अटी लिहून ठेवाव्या लागतात. फोटो दिला असेल तर फोटो दाखव, नाहीतर नुसती चौकट दाखव. नोकरी असेल तर तिचं गाव दाखव, नाहीतर ती ओळच गाळ. मृण्मयी दिवसभर हे 'जर' आणि 'नाहीतर' लिहीत बसायची. तिला ते मनापासून आवडायचं. तिथे जर म्हणजे जर असतं. कुणाचा चेहरा बघून ते बदलत नाही.

मराठी मंडळाच्या वधू-वर सूचक वेबसाइटचं काम तिनं चार वर्षांपूर्वी घेतलं, म्हणजे तिच्या गळ्यात पडलं. मंडळाचे सेक्रेटरी भय्यासाहेब, वय पंचाहत्तर, रोज सकाळी अंघोळ आटोपून पहिला फोन तिला करायचे. माणूस सोन्यासारखा, पण वेबसाइटकडे बघण्याची नजर जुन्या छापील वधू-वर सूचीचीच. कागद वाया जाऊ नये, तशी जागा वाया जाऊ नये.

"बेटा, एक परेशानी आहे," एकदा ते म्हणाले. "पानावर 'भावंडं' लिहिलंय आणि पुढे सगळं खाली, रिकामं. भोपाळवाले मला फोन करून विचारतात, साहेब, काय छुपवताय? तू खाली जागा ठेवूच नको. काही तरी भर."

"काका, भावंडं नसतील तर काय भरू?"

"मग लिही की, एकुलता एक. मुलगी असेल तर एकुलती एक. लोकांना बरं वाटतं."

तिनं लिहिलं. भावंडं असतील तर त्यांची नावं, नाहीतर 'एकुलती एक'. त्याच झपाट्यात भय्यासाहेबांनी बाकीच्याही रिकाम्या जागा भरून घेतल्या. छंद लिहिला नसेल तर 'वाचन व संगीत'. अपेक्षा लिहिली नसेल तर 'समंजस व सुसंस्कृत'. त्यामुळे माळव्यातली निम्मी मराठी तरुण मंडळी, ज्यांनी शाळा सुटल्यावर पुस्तक उघडलं नाही, ती मंडळाच्या कृपेनं वाचक आणि संगीतप्रेमी झाली. घरी धाकट्या बहिणीला, निहारिकाला, ही पानं दाखवून मृण्मयी हसायची. दोघींचं हसणं ऐकून शैलाताईंना बरं वाटायचं आणि लगेच धाकधूकही व्हायची, कारण निहारिका एकोणतीसची झाली होती.

त्या साच्यात आणखी एक गोष्ट मृण्मयीनं केली होती, भय्यासाहेबांना न विचारता. एका घरातला मधला मुलगा अपघातात गेला. बहिणीच्या पानावर त्याचं नाव तसंच होतं. वडिलांना ते खोडवेना आणि वाचवेना. तेव्हा तिनं प्रत्येक भावंडाच्या नावापुढे एक छोटी चौकट ठेवली: 'दाखवू नये'. तिच्यात खूण केली की नाव आत जपलेलं राहायचं, बाहेर दिसायचं नाही. वेबसाइट सांभाळणारी माणसं दोनच, ती आणि भय्यासाहेब. ते पासवर्ड घालून आतल्या बाजूनं यायचे, आणि आतून येणाऱ्याला लपवलेलंही दिसावं म्हणून ते फिकट अक्षरांत दाखवायची अट तिनं घातली होती. त्या घरात आणखी दोन भावंडं होती. त्यांची नावं पानावर राहिली आणि सगळं ठीक झालं.

निहारिकाचं पान लावलं तेव्हा त्यात 'भावंडं: मृण्मयी' एवढंच होतं. पुढे काही विचारण्याची सोयच नव्हती. स्थळं यायची, माणसं बघायला यायची, थोरलीचं कळायचं, आणि मग देवासच्यांची पत्रिका जुळायची नाही. ग्वाल्हेरच्यांच्या मुलाला एकदम परदेशी जायचं ठरायचं. असं दोनदा झालं. दोन्ही वेळा निहारिका म्हणाली, "बरंच झालं, मला कुठे आवडला होता." पहिल्यांदा ते खरं होतं.

मागच्या कार्तिकात भय्यासाहेबांचा फोन आला, आणि नेहमीची 'परेशानी' न सांगता ते आधी थोडे खाकरले.

"शिकायत आलीये, बेटा. एका घराला लग्नानंतर कळलं की मुलाच्या बहिणीचं मोडलेलं आहे. फार तमाशा झाला. आता समितीचं म्हणणं असं की भावंडांच्या नावापुढे साफ-साफ लिहायचं. विवाहित, अविवाहित, घटस्फोटित. तुझ्यावरून नाही हं हे. तू तर आपली आहेस."

"हो काका. करते."

दहा मिनिटांचं काम. भावंड विवाहित असेल तर हा शब्द, नाहीतर तो. तिनं ते जेवणाच्या सुट्टीआधी संपवलं आणि तपासायला म्हणून पहिलं पान उघडलं ते निहारिकाचं. 'भावंडं: मृण्मयी (थोरली बहीण, घटस्फोटित)'. अक्षरं नीट बसली होती, कंस व्यवस्थित मिटला होता, कामात खोट नव्हती. तिनं डबा उघडला आणि न जेवता परत बंद केला. आपण लिहिलेल्या अटीनं आपल्यालाच नीट ओळखावं, यात रागावायचं कुणावर? समितीवर रागावता येईना, कारण फसलेल्या त्या घराचंही खरंच होतं. तिला नुसतं रडू आलं आणि ते तिनं ऑफिसच्या जिन्यात उरकलं.

शैलाताईंनी उघड कधी काही म्हटलं नाही. एकदा मटार सोलता सोलता त्या मृण्मयीला म्हणाल्या, "मिनू, ते पान तूच बनवतेस ना?"

"हो."

"मग त्यात थोडं इकडचं तिकडे नाही होत?"

"कसलं इकडचं तिकडे?"

"काही नाही. वैसेच विचारलं." आणि त्यांनी मटारची पुढची शेंग उचलली.

त्याच आठवड्यात अनयचं पान आलं. इंदूरचा मुलगा, नोकरी चांगली, चेहरा साधा. पण 'अपेक्षा' या जागी त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं: 'मला स्वयंपाक येतो. तिला आला नाही तरी चालेल. मात्र भांडण झाल्यावर जेवायला बसावं.' निहारिकानं ते मृण्मयीला तीनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा वाचताना ती हसत नव्हती. धाकट्या बहिणीचं असं तोंड मृण्मयीनं पूर्वी पाहिलं नव्हतं, आणि अनयच्या घरी आता निहारिकाचं पान उघडणार होतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात ती अर्धा तास नुसती पडद्याकडे बघत बसली. 'हे पान निहारिकाचं असेल तर ही ओळ गाळ,' एवढी एक अट लिहिली की संपलं. पण एका घरापुरती अट लिहायची म्हणजे त्या धंद्यातली बेइमानी, आणि ती तिच्या हातून होईना. मग तिला 'दाखवू नये'ची चौकट आठवली. ती तर सगळ्यांसाठी होती. तिनं स्वतःच्या नावापुढे खूण केली. पान पुन्हा उघडलं; तिचं नाव फिकट झालं होतं, म्हणजे बाहेर दिसत नव्हतं. तिला हायसं वाटलं. आत राहून बाहेरचं पान कसं दिसतं हे कळत नाही, हे ती नव्या मुलांना रोज शिकवायची, आणि त्या दिवशी नेमकं तेच विसरली.

घरी तिनं फक्त आईला सांगितलं. दोघींचं ठरलं ते असं, की कायमचं लपवायचं नाही. एकदा त्यांनी मुलगी समोर बघितली, चार शब्द बोलणं झालं, की आपणच सांगायचं. शैलाताईंचं म्हणणं, माणसं बघून ऐकतात, वाचून नाही ऐकत. त्यात खोटं काही नव्हतं. संध्याकाळी भय्यासाहेबांचा फोन आला. "बेटा, एक नाव मला फिकट दिसतंय. माझी नजर आजकाल कमजोर झालीये. मी काही पाहिलं नाही." आणि त्यांनी फोन ठेवला. ते आतून बघत होते, त्यांनाही दुसरं काही दिसायचं कारण नव्हतं.

रविवारी सकाळी दहाला इंदूरची मंडळी आली. अनय, त्याचे वडील माधवराव आणि आई सुलभाताई. आधी घरं भेटू देत, मुलं मग बोलतील, असा सुलभाताईंचा दंडक होता, म्हणून तोवर अनय-निहारिकाचं एकदाही बोलणं झालं नव्हतं. जयंतराव नाक्यावरून गरम जलेबी घेऊन आले होते. पोहे मृण्मयीनं केले होते. आई बोलावील तेव्हा बाहेर यायचं, असं ठरवून ती स्वयंपाकघरात थांबली.

तिथून सगळं ऐकू येत होतं. अनयनं काही तरी विचारलं, निहारिकानं उत्तर दिलं आणि दोघं एकदम हसली. मृण्मयीनं चहाचं आधण ठेवलं. आई आता कुठल्याही क्षणी हाक मारील असं तिला वाटलं, तेवढ्यात सुलभाताईंचा मोठा, मोकळा आवाज आला.

"आम्हाला पान बघताक्षणी पसंत पडलं हो. खरं सांगते, मी प्रिंट काढून पर्समध्येच ठेवलंय. आमचा एकुलता एक, तुमची एकुलती एक. दोन्ही घरं एकच समजायची, मी तर ह्यांना तेव्हाच बोलले."

मृण्मयीला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग तिनं ओट्यावरचा फोन उचलला आणि चार वर्षांत पहिल्यांदा ते पान पासवर्ड न घालता, कुणाही परक्यासारखं उघडलं. 'भावंडं: एकुलती एक'. वाक्य तिचंच होतं. एकच बहीण, ती लपवलेली; म्हणजे दाखवायला भावंडं नाहीत; म्हणजे नाहीतर. साच्यानं काही चूक केली नव्हती. तिनं सांगितलं होतं तेच तो इमानदारीनं सगळ्या जगाला सांगत होता, की या घरात दुसरी मुलगी नाही. खूण काढायला दहा सेकंद लागली असती. पण कागद सुलभाताईंच्या पर्समध्ये होता आणि तिथपर्यंत तिचा हात पोचत नव्हता.

"मागे एक स्थळ जवळजवळ ठरलंच होतं," सुलभाताई सांगत होत्या. "मग कळलं, मुलीच्या थोरल्या बहिणीचा घटस्फोट झालेला. आता घटस्फोटाचं काय हो, आजकाल होतात, माझ्या सख्ख्या भाचीचा झालाय. ते असतं तर असतं. पण त्यांनी लपवलं. मी तशीच उठले. ज्या घरानं पोटची मुलगी लपवली, ते घर मला उद्या काय सांगणार?"

"बरोबर आहे," जयंतराव म्हणाले. त्यांचा आवाज मृण्मयीला ओळखू आला नाही.

चहा उतू गेला. तिनं गॅस बंद केला, कप भरले, पुसले, पुन्हा पुसले. आई हाक मारीना. मारणार तरी कशी? काय म्हणून मारणार? ते वाक्य नुसतं राहिलं असतं, घटस्फोटित, कंसातलं, तर आज ती ट्रे घेऊन सरळ बाहेर गेली असती आणि सुलभाताईंनी आपल्या भाचीची गोष्ट सांगितली असती. तिला स्वतःचाच राग आला. मागच्या दारानं निघून जावं असंही वाटून गेलं. पण चहा बाहेर जायलाच हवा होता, आणि तो कुणी केला हा प्रश्न आज ना उद्या येणारच होता.

ती ट्रे घेऊन बाहेर आली. अनय उठून उभा राहिला आणि त्यानं तिच्या हातातून ट्रे घेतला. चांगल्या घरचा मुलगा, हे तेवढ्यावरून कळत होतं. निहारिकाचा चेहरा पांढरा पडला होता. शैलाताई पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत होत्या आणि जयंतराव समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते.

"आणि ही?" सुलभाताई हसून म्हणाल्या. "घरातलीच वाटते. चेहरापट्टी अगदी तुमची, शैलाताई."

प्रश्न आईला होता. मृण्मयी आईकडे बघत राहिली. खरं सांगावं तर धाकटीचं मोडतं, खोटं सांगावं तर थोरली जाते. दोन्ही मुली समोरच. शैलाताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. जयंतरावांनी कॅलेंडरवरची नजर काढली नाही. तेवढ्यात निहारिकानं खुर्चीचे हात घट्ट धरले आणि ती बोलायला पुढे झाली. ती काय बोलणार हे मृण्मयीला माहीत होतं. ही माझी ताई आहे, एवढंच ती बोलणार होती, आणि मग सुलभाताई पर्स उचलणार होत्या.

मृण्मयी तिच्याआधी बोलली. आईकडे बघून, अगदी सहज आवाजात.

"मावशी, साखरेचा डबा कुठे असतो तुमच्याकडे? एका कपात घालायची राहिलीये."

शैलाताईंना क्षणभर कळलंच नाही की ही हाक आपल्याला आहे. मग कळलं. निहारिका तशीच अर्धी पुढे झालेली थांबली.

"वरच्या फळीवर बघ," शैलाताई म्हणाल्या, आणि सुलभाताईंकडे वळून हळू म्हणाल्या, "माझ्या बहिणीची मुलगी."

"तरीच," सुलभाताई म्हणाल्या. "बरी हाताशी आहे तुमच्या."

मृण्मयी आत आली. साखरेचा डबा ओट्यावर समोरच होता. सकाळी तिनंच तिथे ठेवला होता. तरी तिनं हात उंच करून वरची फळी चाचपली, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. बाहेर मुहूर्ताच्या गोष्टी सुरू झाल्या होत्या. साखर घेऊन तिला परत तिथे जायचं होतं, आणि आता मावशीची भाची म्हणूनच जायचं होतं.